चार पदर

"चढावर मरते," तोक्तोसून अक्साकाल म्हणाले,
टोपी काढून बॉनेटवर ठेवत,
जसे पेशंटच्या उशाशी बसलेत.
"पाय दाबतो तर आवाज येतो, गाडी येत नाही.
परवा दोलोनच्या घाटात मला ट्रॅक्टरनं मागं टाकलं, उस्ता.
गवताच्या भाऱ्यांसकट.
भाऱ्यांवर बसलेल्या पोरानं हातसुद्धा हलवला."

नारिनमध्ये हवाच विरळ.
इथं जिना चढताना माणसालाही खालचा गियर लागतो.
पण पस्तीस वर्षांची ही ऑडी
हीच हवा पिऊन म्हातारी झालेली,
तिला आत्ताच धाप का लागावी?

एअर फिल्टर काढला.
धूळ, गवताचं कूस, एक मेलेली गांधीलमाशी.
नवा बसवला. जराशी खोकली. फरक काडीचा.
पाचही प्लग काढले:
टोकं दुधाच्या चहासारखी, निरोगी.
पेट्रोलचा फिल्टर तोंडानं फुंकला,
वारा आरपार गेला
आणि रात्रीच्या जेवणाला पेट्रोलची चव आली.
सायलेन्सरच्या नळीपाशी तळहात धरला. श्वास मोकळा.
हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच सोडला,
जागच्या जागी बंद पडली. म्हणजे क्लच इमानदार.
ब्रेक चिकटलाय का म्हणून चाकं चाचपली:
चारही थंड, नदीतल्या गोट्यांसारखी.

माझा बाप म्हणायचा,
गाडी खोटं बोलत नाही, गाडीवाला बोलतो.
तो बऱ्याचदा पिऊन म्हणायचा,
तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी
जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं.
त्यांना सीटवर बसवलं, इंजिन बंद,
मी बॉनेटखाली वाकले, थ्रॉटलच्या झडपेवर बॅटरी मारली.
"दाबा."
झडप हलली, अर्ध्यात थांबली.
"पूर्ण दाबा."
"पूर्णच आहे. पाय टेकलाय."
"कशाला टेकलाय?"

दार उघडून आडवी झाले.
पेडलखाली शिरदाक.
लाल मेंढ्याची शिंगं, काळी किनार,
कडेनं लोकरीच्या दोऱ्याची दुहेरी टीप.
"बुरुलनं शिवलीय," ते कौतुकानं म्हणाले,
"पाय गारठतात माझे म्हणून."

मी बोट घातलं.
इतर ठिकाणी एकपदरी.
फक्त ॲक्सिलरेटरखाली, तळव्याएवढ्या जागेत,
एकावर एक चार पदर,
बारीक टाके, घाई न करता घातलेले,
आणि वरून शिंगाचं नक्षीकाम असं बेतलेलं
की उंचवटा डोळ्याला कळू नये.

पाय गारठतात दोन.
उबेची सोय एकाचीच.

दोलोनच्या तिसऱ्या वळणावर कठड्याला
एक निळं कापड बांधलेलं आहे, त्याचा रंग विटलाय.
कुणासाठी, ते मी त्यांना विचारलं नाही.
नारिनमध्ये विचारावं लागत नाही.
एवढंच विचारलं, "शिरदाक कधी शिवली?"
"मागच्या मार्गशीर्षात..." असं काही आमच्याकडं नसतं,
ते म्हणाले, "पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात."
आणि मग गप्प झाले.
टोपी घातली. काढली. परत घातली.

मी कात्री आणली.
ते बराच वेळ पेडलकडं बघत राहिले,
एखाद्या सहीकडं बघावं तसे.
"एकच पदर उसव, उस्ता.
वरचं नक्षीकाम होतं तसं शिवून दे.
तिला कळता कामा नये."

मला सुई नीट धरता येत नाही.
टाके वाकडे पडले, पाना धरणाऱ्या हाताचे.
तिला कळणार, आणि ती बोलणार नाही,
असं मला वाटतं.

संध्याकाळी पुलापर्यंत पळवून पाहिली.
झडप अर्ध्याच्या थोडी पुढं उघडते आता.
ट्रॅक्टरला गाठेल.
फक्त ट्रॅक्टरला.

बिलात लिहिलं: एअर फिल्टर, एक.
मजुरीच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
तो कोरा सोडला.
त्यांनी पैसे मोजून दिले, वर एक किलो सुकं दही,
आणि काढलेला पदर न्यायला विसरले,
किंवा विसरले नाहीत.

गाडीखाली शिरताना
मी तो गुडघ्याखाली घेते.